अंगवळणी

सोहारच्या बंदरात, तीन नंबर गेटपाशी
आमच्या ऑफिसात एकेचाळीस कॉम्प्युटर
आणि तीन तऱ्हांचे डेस्कटॉप.
जशी टेंडरं निघाली तशी खरेदी होत गेली,
कुणी ठरवून केलं असं नाही.

रविवारी हमूद अल-मकबाली
तीन तास खपून जहाजाचा आराखडा मांडत होता,
कुठला कंटेनर तळाला, कुठला वर, कुठल्यात रसायन.
दुसऱ्याच्या खुर्चीत बसून त्याने
कंट्रोल-क्यू दाबलं.
त्याच्या टेबलावर त्याने नुसती खूण उमटते.
इथे सगळंच मिटलं, विचारलंसुद्धा नाही.
तो ओरडला नाही.
हात तेवढा वर उचलला,
तवा तापलाय हे उशिरा कळल्यासारखा.

म्हणून मला सांगितलं, एकच काय ते ठरव.
डिफॉल्ट.
मी वहीत दोन रकाने आखले, मग पाच.
डिफॉल्टला मराठीत काय म्हणावं
हे एसीच्या घरघरीत उगाच शोधत बसले.
न मागता मिळालेलं.
न विचारता धरलेलं.
नाव, आडनाव, जात, उजवा हात.

रोवेना म्हणाली, ऑल्ट-शिफ्टला हात लावू नकोस,
त्याच्यावर माझं अरबी उघडतं.
कस्टमचे कागद उजवीकडून डावीकडे,
बिलं डावीकडून उजवीकडे,
दिवसातून दोनशे वेळा ती तो उंबरा ओलांडते.
सुल्फिकरचं भांडण टर्मिनलशी.
कॉपी करायला गेलं की तिथे चालू काम मरतं,
माहीत आहे त्याला,
तरी बोट तिकडेच जातं.
आपली सवय म्हणजेच सोपं,
असं प्रत्येकाला वाटत होतं.
मलाही.

गेल्या रजेत चिपळूणला भावाची गाडी घेतली.
चढावर उजवा हात गिअरकडे गेला
आणि दारावर आपटला.
डावीकडे वळते आहे हे सांगायला गेले
तर वायपर फिरू लागले कोरड्या काचेवर,
भर एप्रिलात.
मागचा रिक्षावाला मनापासून हसला.

पाचही बोटं सारखी नसतात, असं आपण म्हणतो
आणि पुढे निघून जातो.
ताजम्मुल हुसेनला डाव्या हाताची तीनच.
डेकवर कंटेनर आवळायच्या सळईने दोन नेली,
तेव्हा त्याला खाली आणून टेबलावर बसवलं.
कंट्रोल धरून एस गाठायला तो अख्खं मनगट उचलायचा.
मग कुणाला न सांगता त्याने
सेव्ह एफ-नाइनवर नेऊन ठेवलं.
एक कळ, एक बोट.
पण पाळी बदलली की खुर्ची बदले,
तिथल्या एफ-नाइनला काही ठाऊक नसे,
आणि तो उशिरापर्यंत थांबून सगळं पुन्हा टाईप करी.
सात वर्षं.
बटणालाही कळ म्हणतो आपण, ठणक्यालाही.
त्याने ती आमच्यापैकी कुणाला लागू दिली नाही.

यादी झाली शेवटी, बावीस ओळींची.
कंट्रोल-क्यू मी कुणालाच दिलं नाही,
मोकळं सोडलं.
दाबा, काही होणार नाही.
ऑल्ट-शिफ्ट रोवेनाचं.
सुल्फिकरचं जमलं नाही, तो अजून बोलत नाही माझ्याशी नीट.
सेव्हला कंट्रोल-एस, सगळीकडे.
आणि एफ-नाइन. तेही सगळीकडे,
एकेचाळीसच्या एकेचाळीस.
मॅनेजर म्हणाला, एकच ठरलं होतं ना, मग दोन कशी?
म्हटलं, कुठेही बसा, दोन्ही चालतात.
एकच झालं की.

मार्चमध्ये ताजम्मुल सियालकोटला परतला, कायमचा.
त्याच्या जागी सूरहून आलेला पोरगा, चटपटीत,
माऊसला हातही न लावणारा.
परवा विचारत होता,
हे एफ-नाइन कुणी ठेवलंय? काढू?
बाहेर क्रेन एक निळा डबा अधांतरी धरून थांबली होती,
दमट वाऱ्यात जरा हलत.
म्हटलं, असू दे.
माझंही बोट हल्ली
अधूनमधून तिकडे जातं.